कीर्द एकाच्या हाती

डेटाबेसचं जे काही मला येतं, त्यासाठी मी दोन माणसांचं देणं लागतो. एक, पवईच्या आयआयटीतले प्राध्यापक एस. सुदर्शन. सिल्बरशाट्झ आणि कोर्थ यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं पुस्तक जगभर शिकवलं जातं. त्यांची माझी भेट नाही. पुस्तकाची जुनी, समासात शेरे लिहिलेली प्रत कॉलेजातल्या एका दादानं मला देऊन टाकली होती. दुसरे, जालन्याच्या मोंढ्यातल्या एका आडतीवरचे मुनीमकाका.

त्या आडतीचं जुनं ॲप दुरुस्तीला माझ्याकडे आलं. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली की ते मध्येच बंद पडे, ‘डेटाबेस इज लॉक्ड’ एवढंच सांगून. काट्यावरचं वजन एक थ्रेड नोंदवी, तेव्हाच दुसरा पट्ट्या सर्व्हरला पाठवून ‘पाठवली’ अशी खूण करी. दोघांची कनेक्शनं वेगवेगळी. आत एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला आणि सगळ्यांना मोफत खुला केलेला हा डेटाबेस आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. पण त्याच्या एका फायलीत एका वेळी एकालाच लिहिता येतं.

काकांना मी अडचण सांगितली. ते म्हणाले, “कीर्द एकाच्याच हाती पाहिजे, बाबा. बाकीच्यांनी सांगावं, त्यानं लिहावं. वाचायला कोणीबी वाचू दे.”

त्या रात्री पुस्तकातलं ट्रान्झॅक्शनचं प्रकरण पुन्हा काढलं, आणि ते पहिल्यांदा नीट उमगलं. मग सगळं लिखाण एका रांगेतून, एकाच थ्रेडकडे दिलं. वाचणाऱ्यांसाठी एसक्यूलाइटनं २०१० मध्ये आणलेली ‘वॉल’ पद्धत सुरू केली. तिच्यामुळे लिहिणं चालू असतानाही वाचणारा अडत नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई हे सारं एका ट्रान्झॅक्शनमध्ये: झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहताना ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नाही, हाही नियम केला. लॉकसाठी थांबण्याची मुदत वाढवा, असं पुष्कळ जण सुचवतात. एवढ्यानं भागतं असं मला वाटत नाही. अर्धवट नोंदीवर तो इलाजच नव्हे. आणि पट्टी अर्धवट राहिली, तर घनसावंगीहून माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याचं एखादं पोतं हिशोबातून जातं.

जालना, अंबड, परतूरच्या ज्या मुलामुलींना ॲप लिहायचं आहे, त्यांनी ते प्रकरण आधी वाचावं, आणि ज्याच्यासाठी लिहायचं त्या दुकानाच्या मुनिमाजवळ एक दिवस बसावं.