तुळई कुजते ती भिंतीतल्या टोकाशी

जुन्या नाशकात सराफ बाजाराच्या मागच्या अंगाला एक दुमजली वाडा आहे. माजघरावरची जमीन एका कोपऱ्यात दबायला लागली, म्हणून मला बोलावलं. घरातल्या आजींनी दारातच विचारलं, "मिस्त्री, तुळई गेली का हो? मुलगा म्हणतो, सगळं उतरवून स्लॅब टाकू."

मी मोगरी घेऊन तुळईच्या मध्यापासून भिंतीकडे ठोकत गेलो. मध्ये खणखणीत आवाज होता. भिंतीपासून हातभर अंतरावर तो बद्द झाला. टोच्या लावला तर मुठीपर्यंत आत गेला. बाकीची तुळई जुन्या सागवानाची होती, गाभ्याचं लाकूड, पटाशीची धार परतवणारं. डांग, पेठ, सुरगाण्याच्या जंगलांतला साग नाशकाला जवळचा. इथल्या सरकारवाड्याचे खांब पाहिलेत तर लाकडाचा तो दर्जा कळेल. असं लाकूड आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

सागवान वाळवी आणि बुरशी यांना दाद देत नाही असं लोक म्हणतात. ते गाभ्याबद्दल खरं आहे. खोडाच्या कडेचा पांढरट भाग कुठल्याही साध्या लाकडासारखा खाल्ला जातो. गाभाही कायम ओला राहिला तर शेवटी हरतोच. लाकडात पाण्याचं प्रमाण वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. म्हणून लाकूड बदलण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. हा क्रम चुकला तर नवी तुळईही पुढे त्याच जागी कुजणार.

इथे कारण भिंतीवर होतं. मूळची भिंत विटा आणि चुन्याची. मागे कधीतरी कुणीतरी बाहेरून तिला सिमेंटचा गिलावा केला होता आणि तुळईच्या टोकाभोवतीही सिमेंट ठासून भरलं होतं. चुन्याची भिंत पावसात ओल घेते आणि उघडीप मिळाली की सोडते. सिमेंटमागे ती ओल अडकते. तिला वाट उरते ती लाकडाचीच. कौलांची एक पन्हळही फुटून त्याच भिंतीवर गळत होती.

आम्ही आधी पन्हळ दुरुस्त केली आणि त्या भागातला सिमेंटचा गिलावा काढला. गवंड्याने कळीचा चुना आधीच भिजवून ठेवला होता. त्यात वाळू आणि विटांची सुरखी घालून त्याने गिलावा केला. ठेकेदारांना हे फार सावकाश वाटतं, पण चुन्याला वेळ दिलाच पाहिजे.

मग तुळईखाली टेकू. टेकू लावताना जमीन पुन्हा सरळ करण्याची घाई करू नये. इतकी वर्षं वाकलेलं घर एकदम उचललं तर वरच्या भिंतींना तडे जातात. भार टेकूवर आला एवढंच पाहायचं. कुजलेलं टोक तिरकं कापलं, कापाची लांबी तुळईच्या उंचीच्या अडीच-तीन पट ठेवली. आखूड जोड दिसायला बरा दिसतो, भार मात्र पेलत नाही. जोडाला दुसऱ्या एका पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान वापरलं, आरपार बोल्ट घातले. जुन्या लाकडावर करवत चालवण्याआधी लोहचुंबक फिरवा. आत गाडलेला खिळा पातं मोडतो, डोळ्यातही जाऊ शकतो. नव्या टोकाखाली दगडी फरशी बसवली आणि तिन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडली, वारा खेळायला.

आजींचं दुसरं गाऱ्हाणं दाराचं होतं. पावसात अडकतं, रंधून द्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. नाशकात एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची ओल यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आटतं. जुलैत रंधलेल्या दाराला मार्चमध्ये फट पडते. म्हणूनच जुने सुतार दाराचे दिलहे, म्हणजे मधल्या फळ्या, चौकटीच्या खाचेत सैल बसवत. हल्ली सरस लावून पक्के करतात आणि मग दिलहा मधोमध चिरतो. ते दार मी दिवाळीनंतर, ओल उतरल्यावर पाहिलं. आधी बिजागऱ्यांचे ढिले स्क्रू आवळले, कारण बरेचदा दोष तिथे असतो. मग एका कडेला पातळ हात फिरवला, तेवढं पुरलं.

वाडा पाडायचाच असेल तर तो घरच्यांचा निर्णय. कुठे वारसांचे वाद असतात, कुठे जागा पुरत नाही, ते मला समजतं. पण नुसतं "लाकूड कुजलंय" एवढ्या कारणावर पाडू नका. आधी एखाद्या जाणत्या सुताराला बोलवा, भिंतीतली टोकं मोगरीने वाजवून घ्या आणि पन्हळी पावसाळ्याआधी तपासा.