लेथवरून अवकाशात



२०११ च्या जनगणनेत आपल्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४८ लाख भरली. न्यूझीलंड हा अख्खा देश त्याहून थोडासाच मोठा. मेंढ्या, दूध आणि क्रिकेट यांसाठी आपण त्याला ओळखतो. पण २१ जानेवारी २०१८ रोजी याच देशातल्या माहिया नावाच्या समुद्रकाठच्या जागेवरून 'इलेक्ट्रॉन' रॉकेट उडाले आणि त्याने उपग्रह कक्षेत सोडले. एवढ्याशा देशाला हे कसे जमले, असे नववीच्या एका मुलीने विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात विचारले होते. पाच मिनिटांत उरकण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून हे लिहीत आहे.

आधी एक गंमत सांगते. माझे माहेर इंदूरचे. घरात मराठी, पण पदवीपर्यंतचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'अवकाश' म्हणजे सुट्टी आणि 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती. इंदूरच्या माझ्या मैत्रिणींना 'अवकाश संशोधन' हे शब्द दाखवले तर रजेचे नियम बदलले असेच त्या समजतील. असो.

इलेक्ट्रॉन बनवणाऱ्या रॉकेट लॅब या कंपनीचे संस्थापक पीटर बेक. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नाही. शाळा संपल्यावर ते घरगुती यंत्रे बनवणाऱ्या फिशर अँड पायकल या कारखान्यात उमेदवारीवर लागले आणि टूल अँड डाय मेकर झाले. म्हणजे साचे आणि हत्यारे घडवणारा कारागीर. पाळी संपल्यावर कारखान्याच्याच यंत्रांवर ते स्वतःचे प्रयोग करीत. रॉकेटवर पळणारी सायकलसुद्धा त्यांनी बनवली. २००६ साली त्यांनी कंपनी काढली. सुरुवातीला पैसे घालणाऱ्या गृहस्थांनी रॉकेटच्या वेडापायी आपले आडनावच बदलून 'रॉकेट' करून घेतले होते! मे २०१७ मधले पहिले इलेक्ट्रॉन अवकाशात पोचले, पण कक्षेत नाही. चौकशीत रॉकेट निर्दोष ठरले. जमिनीवरच्या एका उपकरणाची मांडणी चुकलेली होती. त्यानंतर मात्र हे रॉकेट पन्नासहून अधिक वेळा उडाले आहे.

हे एका माणसाच्या हुशारीवर झाले, असे मी म्हणणार नाही. न्यूझीलंडमध्ये शर्यतीच्या शिडाच्या बोटी बांधण्याचा मोठा व्यवसाय आहे. त्या बोटींसाठी कार्बनच्या धाग्यांचे हलके पण मजबूत पत्रे घडवणारे कारागीर तिथे आधीपासून होते. इलेक्ट्रॉनचे धडही याच कार्बनचे आहे. हातात जी विद्या होती, ती वर वळवली. सरकारने काय केले? आंतरराष्ट्रीय करारानुसार खासगी कंपनीच्या रॉकेटचीही जबाबदारी त्या त्या देशावर येते. म्हणून २०१६ साली त्यांनी अवकाश संस्था स्थापन केली, अमेरिकेशी तंत्रज्ञान जपण्याचा करार केला आणि २०१७ साली कायदा केला. मोठा पैसा मात्र अमेरिकेतून आला, आणि आज मूळ कंपनी अमेरिकेत नोंदलेली आहे. लहान देशाला ही किंमत द्यावी लागते. मला ती थोडी खटकते, पण कारखाना ऑकलंडमध्ये राहिला आहे आणि उड्डाणेही माहियाहून होतात.

आपला देश लहान नाही. पण १९६० च्या दशकात पैशाने लहानच होता. केरळातल्या थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी जे पहिले रॉकेट उडाले ते अमेरिकेकडून मिळालेले. जागा समुद्रकाठची, कोळ्यांच्या वस्तीची. कार्यालय चर्चच्या इमारतीत. रॉकेटचे भाग सायकलवरून नेत. ती जागा निवडण्याच्या कामात डॉ. विक्रम साराभाईंबरोबर एकनाथ वसंत चिटणीस होते. त्यांचा जन्म १९२५ चा, आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा. वयाची शंभरी पूर्ण करून २०२५ साली ते वारले. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर आहे. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवे.

रॉकेटच्या घन इंधनाचे काम पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर यांनी उभे केले. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ ने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला तेव्हा ते तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. पण इंधन भरायचे कशात? त्यासाठी पोलादी नळकांडे लागते, ज्याला मोटारीचे कवच म्हणतात. इंधन पेटले की आत प्रचंड दाब तयार होतो, आणि जोडात केसाएवढी फट राहिली तरी सगळे संपले. म्हणून प्रत्येक जोडाचा माणसासारखा एक्स-रे काढतात. ही कवचे १९७० च्या दशकापासून कुठे बनू लागली? इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला. शेठ वालचंद हिराचंद यांनी वसवलेले हे गाव साखरेचे. तिथला कारखाना साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवत असे. जाड पत्रा गोल वाकवणे, जोडणे, दाबाला तपासणे ही विद्या त्यांच्या हातात होतीच. चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ रोजी वर नेणाऱ्या रॉकेटच्या दोन्ही बाजूंना जे जाडजूड बूस्टर दिसतात, त्यांची ३.२ मीटर व्यासाची कवचे बनवण्यातही वालचंदनगरचा हात आहे. आपल्या भागात साखर कारखान्याचे धुराडे दिसत नाही असे गाव विरळाच, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बेळगावही मागे नाही. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप्स पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. हायड्रॉलिक्सच्या कामात बेळगावचे नाव आहे, आणि तिथल्या सर्व्होकंट्रोल्सने इस्रोला भाग पुरवले आहेत. निपाणीहून बेळगावला जाताना लागणाऱ्या हत्तरगीला एकसच्या वसाहतीत विमानांचे भाग बनतात. विमान म्हणजे रॉकेट नव्हे, हे खरे. पण मायक्रॉनचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. तो समजण्यासाठी पुस्तक पुरत नाही, हातात मायक्रोमीटर घ्यावा लागतो.

इथे मी आपल्या शाळेकडे वळते. एसएसएलसीला चांगले गुण मिळवलेल्या आपल्या एका विद्यार्थ्याला उद्यमबागेतल्या सरकारी टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगच्या पदविकेला जायचे आहे. त्याचे वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, इतकं मार्क पडल्यात, आणि पोरगं लेथवर उभारणार?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेल्या माणसाला मुलाचे कपडे तेलकट होऊ नयेत असे वाटणारच. मी त्यांना पीटर बेकचे सांगितले. ते ऐकून घेतले आणि विचारले, "ते झालं त्या देशात. हितं?" मग वालचंदनगर आणि हत्तरगीचे सांगितले. अर्ज भरला गेला आहे. यादी अजून लागायची आहे.

दुसरी गोष्ट विश्वस्त मंडळींसाठी. शाळेच्या मागच्या बाजूची कार्यशाळा शिक्षक निवृत्त झाल्यापासून बंद आहे. ती रिकामी करून तिथे शिकवणी वर्गाचे सभागृह करावे, असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. शिकवणीला माझा विरोध नाही. पालकांची मागणी खरी आहे. पण देणगीतून आलेला तो लेथ भंगारात गेला तर पुन्हा येणार नाही, आणि शिकवणी वर्ग कुठल्याही खोलीत भरू शकतो. सभागृहासाठी वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांमधली भिंत काढता येईल का, हे मी अभियंत्याला विचारून ठेवले आहे.

लेथची मोटार जळलेली आहे. ती भरून द्यायला उद्यमबागेत काम करणारा आपला एक माजी विद्यार्थी तयार आहे, आणि आठवड्यातून एकदा येऊन आठवी-नववीच्या मुलामुलींना शिकवायलाही. मुलींनाही, हे मी त्याला आधीच सांगितले आहे. प्रश्न विजेच्या बिलाचा आणि त्याच्या मानधनाचा. मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत ज्या पालकांना कार्यशाळा पाहायची असेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. किल्ली माझ्याकडे आहे.

आपली,
मुख्याध्यापिका