आई वाट पाहते

माझी आई मुळशी तालुक्यात, पिरंगुटला धाकट्या भावाच्या घरी राहते. भाऊ तिथल्या कारखान्यात लागला, पुढे श्रीरामपूरकडचे आमचे घर बंद झाले आणि आई या पावसाळी मुलखात आली. आज तिचे वय ८४ आहे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले.

आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०६ साली ज्या विकाराचे प्रथम वर्णन केले, तोच हा विकार. नव्या आठवणी साठविणारा मेंदूचा भाग आधी झिजतो. म्हणून सकाळी काय खाल्ले ते आईला सांगता येत नाही. परंतु हरेगावची मतमाउलीची यात्रा तिला लख्ख आठवते. हे सारे मी वाचले होते. पण वाचणे वेगळे आणि जन्मदात्रीने, "फादर, आपण कुठल्या गावचे?" असे विचारणे वेगळे.

गेल्या पावसाळ्यातील एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. दिवस मावळला की आईची घालमेल वाढते. "हे अजून कसे आले नाहीत?" तिने विचारले. वडिलांना जाऊन १९ वर्षे झाली, असे मी सांगितले. बातमी आजच कळावी तशी ती रडली. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. सत्याच्या नावाखाली एकाच संध्याकाळी मी माझ्या आईला तीनदा विधवा केले.

भाकरी थापता थापता भावजय बाहेर आली. पिठाचे हात पदराला पुसत आईजवळ बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, मामांची आठवण येतेय ना? यात्रेतून ते तुमच्यासाठी काय आणायचे?" आई क्षणभर थांबली. मग रेवड्यांविषयी, बांगड्यांविषयी बोलू लागली. बोलता बोलता हसली.

संत ऑगस्टिन कोणतेही असत्य निर्दोष मानीत नाहीत, हे मी सेमिनरीत शिकलो होतो. भावजयीने असत्य सांगितलेच नव्हते. मी आईचा प्रश्न ऐकला होता, तिने त्यामागचे दुःख ऐकले होते. पापनिवेदन ऐकण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला ऐकणे म्हणजे काय ते एका गृहिणीने शिकविले. पित्याची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला सांभाळून घे, असा उपदेश सिराखच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. त्यावर मी प्रवचनेही दिली होती!

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतील बहुतेकांची सेवा घरातच होते आणि ती बहुधा सुना व लेकीच करतात. माझी भावजय चार वर्षांत एकदाही निवांतपणे मिस्साला बसलेली नाही, हे मी त्या रात्री प्रथमच ध्यानात घेतले.

आता दर सोमवारी मी आईजवळ असतो आणि भावजय आपल्या कामांसाठी, कधी केवळ विसाव्यासाठी, बाहेर पडते. आम्ही जपमाळ करतो. मी कोण, हे आईला ठाऊक नसते. पण मी प्रार्थना सुरू केली की उरलेली ती अचूक पूर्ण करते.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात असे एखादे घर असेल, तर येत्या रविवारी तिथे जा. दोन तास त्या आजीजवळ बसा आणि घरच्या सुनेला मिस्साला जाऊ द्या.