बसलेला थर हलत नाही

कंटेनर इमेज एकावर एक बसवलेल्या थरांची असते. प्रत्येक थर म्हणजे टार स्वरूपातले एक बंद गाठोडे. खालच्या थराच्या तुलनेत कोणत्या फाइली नव्या आल्या, कोणत्या बदलल्या आणि कोणत्या काढल्या, एवढेच त्यात असते. आतल्या मजकुरावरून एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला ठसा हीच थराची ओळख. एक बाइट इकडचा तिकडे झाला, तरी ठसा बदलतो आणि थर दुसराच ठरतो. बसलेल्या थरात मागाहून काही घालता येत नाही, त्यातून काही काढताही येत नाही. इमेज बांधणाऱ्याचे कसब या एका नियमाशी जुळवून घेण्यात आहे.

कंटेनर चालू झाला की हे थर ओव्हरलेएफएस एकत्र दाखवते. २०१४ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्स ३.१८ पासून ही सोय कर्नेलमध्येच आहे. वरच्या थरातली फाइल त्याच नावाची खालची फाइल झाकते. खालच्या फाइलीत बदल करायची वेळ आली, तर तिची प्रत सर्वांत वरच्या कोऱ्या थरात उतरते आणि लिखाण तिथे होते. त्यामुळे एकाच इमेजवरच्या दहा कंटेनरांना खालच्या थरांची एकच प्रत पुरते.

इमेज बांधण्याच्या सूचनांची डॉकरफाइल वरून खाली वाचली जाते, इमेज मात्र खालून वर चढते. फ्रॉमने तळ ठरतो. रन आणि कॉपी या सूचना त्यावर थर चढवतात. सूचना तीच आणि आत येणाऱ्या फाइलीही त्याच असतील, तर बिल्ड कॅशमधला जुना थर उचलतो. पहिला फरक सापडला, की तिथून पुढचे सारे नव्याने बांधावे लागते. म्हणूनच क्रम फार मोलाचा. पायथॉनच्या प्रकल्पात आधी सगळा कोड कॉपी करून मग लायब्ऱ्या बसवल्या, तर एक ओळ बदलल्यावर साऱ्या लायब्ऱ्या पुन्हा उतरवाव्या लागतात. आधी फक्त रिक्वायरमेंट्सची फाइल कॉपी करावी, लायब्ऱ्या बसवाव्यात आणि कोड शेवटी आणावा. दोन-तीन ओळींची ही हलवाहलव दर बिल्डमागे मिनिटे वाचवते. स्प्रिंग बूटने २०२० साली २.३ आवृत्तीत जार फाइलीचे थर पाडण्याची सोय दिली, तीही याच कारणाने: लायब्ऱ्या क्वचित बदलतात, कोड रोज बदलतो.

थरांचा हाच स्वभाव पुसण्याच्या बाबतीत घात करतो. एका थरात आलेली फाइल पुढच्या सूचनेने काढली, तर वरच्या थरात फक्त ‘ही फाइल नाही’ अशी खूण बसते. खालची फाइल जागच्या जागी राहते. इमेजचा आकार घटत नाही. पण त्याहून गंभीर गोष्ट गुप्त किल्लीची. कॉपी करून लगेच काढून टाकलेली किल्ली तो थर उलगडणाऱ्या कोणालाही मिळते. अशी इमेज रजिस्ट्रीत गेली असेल, तर किल्ली फुटली असे समजून ती बदलणे हाच इलाज. डॉकरच्या बिल्डकिट या बिल्ड यंत्रणेत गुप्त फाइल एका सूचनेपुरतीच जोडता येते. ती कोणत्याही थरात उतरत नाही.

आकाराचा प्रश्न २०१७ पासून टप्प्याटप्प्याच्या बिल्डने बराच सुटला. पहिल्या टप्प्यात कंपायलरसह सगळी सामग्री, शेवटच्या टप्प्यात फक्त तयार प्रोग्राम. गो भाषेतला स्वयंपूर्ण प्रोग्राम तर साफ रिकाम्या तळावरही चालतो. पण त्या तळावर एचटीटीपीएसची प्रमाणपत्रे नसतात आणि कालविभागांची माहितीही नसते. ती सोबत नेली नाही, तर भारतीय वेळ मागणारा प्रोग्राम तिथेच अडतो. अल्पाइनचा तळ जेमतेम काही एमबीचा, पण त्यात ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी असते. ग्लिबसीसाठी बांधलेली पायथॉनची पॅकेजेस त्यावर बसत नाहीत. अशा वेळी डेबियनचा स्लिम तळ घेणे शहाणपणाचे.

कॅशची एक बाजू हमखास नजरेआड होते. पॅकेजेस अद्ययावत करण्याची सूचना महिनोन्महिने तीच राहिली, तर थरही तोच जुना राहतो आणि दरम्यान आलेल्या सुरक्षा दुरुस्त्या इमेजमध्ये पोचत नाहीत. म्हणून तळाची ताजी प्रत ओढून आणि कॅश बाजूला ठेवून, आठवड्यातून एकदा तरी इमेज मुळापासून बांधावी.