खर्जातली तार

वडप्याला आमचे घर मुंबई-नाशिक महामार्गापासून फार दूर नाही. रात्री गोदामांकडे जाणारे ट्रक थांबले, की चालकांची गाणी आमच्या भिंतीपाशी येऊन पोहोचतात. शब्द मात्र बाहेरच विरतात, व्हायोलिनेही विरतात. भिंत ओलांडून आत येतो तो खर्जातला एक ठोका, बेस गिटारचा. खालच्या स्वरांच्या लहरी लांब असतात, भिंत त्यांना सहजी अडवू शकत नाही, हे आम्ही फार उशिरा वाचले. वेळीच कळते, तर आमच्या हातून एक चूक घडली नसती.

आमचा धाकटा भाऊ तरुणपणी चर्चच्या गायनवृंदात बेस गिटार वाजवीत असे. त्या वाद्याला चारच जाड तारा. साध्या गिटारच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या. एका नाताळच्या मिस्सेनंतर आम्ही चारचौघांत थट्टेने म्हणालो, "अरे, तुझे वाजवणे कोणाला ऐकू तरी येते का?" मंडळी हसली, तोही हसला. ईस्टर येईतो ते वाद्य खाटेखाली गेले होते.

पुढे चरणजीत सिंग यांची हकीकत आमच्या वाचनात आली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते गिटार आणि बेस गिटार वाजवीत. ध्वनिमुद्रणाच्या त्या दालनांत गोव्याकडील ख्रिस्ती वादकांचा मोठा भरणा असे. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातले बेस गिटारवादक टोनी वाझ हेही त्यांतलेच. गाणी घरोघरी पोहोचत. पण वादकांची नावे तबकडीवर सहसा नसत.

१९८२ साली चरणजीत सिंग यांनी स्वतःच्या नावाची एक तबकडी काढली. भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले होते. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या यंत्रांत रोलँड या जपानी कंपनीचे टीबी-३०३ होते. बेस गिटारवादक नसला तरी त्याची साथ मिळावी, एवढ्यासाठीच ते यंत्र बनविलेले! ज्या यंत्राने त्यांची जागा घ्यायची, त्यालाच या वादकाने राग वाजवायला लावले. तबकडी फारशी खपली नाही. १९८७ साली शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रावर 'अ‍ॅसिड हाउस' नावाचे संगीत जगापुढे आणले. २०१० साली नेदरलँड्समधून चरणजीत सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले. हा मुंबईकर त्या वाटेने पाच वर्षे आधीच चालून गेला होता. उतारवयात युरोपच्या रंगमंचांवर त्यांना टाळ्या मिळाल्या. २०१५ साली ते निवर्तले.

अठ्ठावीस वर्षे लागली. तरीही ते भाग्यवानच म्हणायचे. कित्येकांच्या वाट्याला तेवढेही येत नाही. आणि काहींना तर घरचीच माणसे आधी गप्प करतात.

भाऊ आज इथल्याच एका गोदामात हिशेब लिहितो. त्या थट्टेविषयी तो कधी बोलला नाही, आम्हीही नाही. मात्र त्याने वाजवणे सोडल्यावर गायनवृंद मिस्सेत वारंवार लय सोडू लागला. सगळे एकमेकांकडे पाहत, काय उणे झाले ते कोणाला कळत नसे. आम्हाला कळले होते; पण आम्ही गप्प राहिलो.

गेल्या महिन्यात मुंबईला गेलो असता आम्ही बेस गिटारच्या चार तारांचा एक संच विकत घेतला. घरी येऊन तो त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "त्या दिवशी आमचे चुकले." त्याने पाकीट बराच वेळ हातात फिरवले. मग म्हणाला, "दादा, बोटे आता राठ झालीत रे."

तारा त्याने परत केल्या नाहीत. काल रात्री महामार्गावर एकही ट्रक थांबलेला नव्हता, तरी पलीकडच्या खोलीतून भिंत ओलांडून एक खोल ठोका आला. मग थांबला. मग पुन्हा आला.