दुसरा बाण

माझ्या आईने स्तनातली गाठ पाच महिने लपवली. मी वस्त्यावस्त्यांत स्त्रीमुक्तीवर भाषणं देत फिरत होते आणि माझीच आई न्हाणीघरात एकटी ती गाठ चाचपून बघत होती. "दुखत नव्हती. आणि सांगायची लाज वाटली," एवढंच ती नंतर म्हणाली. मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या लाजेबद्दल आहे आणि ती लाज वाढवणाऱ्या आपल्याबद्दलही आहे.

शस्त्रक्रियेत डावा स्तन काढला. मग दर एकवीस दिवसांनी केमो. दुसऱ्या केमोच्या आधीच उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. आई डोक्याला रुमाल बांधायची, ब्लाऊजमध्ये कापडाची घडी ठेवायची, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घ्यायची. विहारात जाणं तिने बंद केलं. भेटायला येणाऱ्या बायका आधी तिच्या छातीकडे बघायच्या, मग चहा घ्यायच्या. एक मावशी तर बोलूनच गेल्या, "मागच्या जन्मीचं काही असेल गं." ज्या घराने धम्म स्वीकारला, त्या घरात हे वाक्य! आई काही बोलली नाही. रात्री मात्र मला विचारलं, "खरंच, माझं काय चुकलं असेल?"

मी भडकले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत कसा खोडून काढला आहे, ते तिला सांगितलं. माणसाच्या दुःखाचं खापर त्याच्याच माथी फोडायची ही जुनी युक्ती आहे, हेही सांगितलं. ते बरोबरच होतं. पण पुढे मी म्हणाले, "तू भीमाची लेक आहेस. रडायचं नाही, लढायचं!"

त्यानंतर आई माझ्यासमोर रडली नाही. मला वाटलं, सावरली. प्रत्यक्षात मी तिचं एक दार बंद केलं होतं. मावशींनी तिला पापी ठरवलं आणि मी रणरागिणी. ती घाबरलेली आहे, थकलेली आहे, हे ऐकायला दोघींनाही वेळ नव्हता. लढाऊ वृत्तीने कॅन्सर बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. मग उद्या आजार उलटला, तर 'ही लढायला कमी पडली' असं म्हणायचं का? हाही कर्मसिद्धांतच झाला, फक्त निळ्या कपड्यातला.

आईचं दार उघडलं ते दवाखान्याच्या रांगेत. दोन वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालेली एक बाई तिथे भेटली. काखेतल्या गाठी काढल्यावर हात आखडू नये म्हणून भिंतीवर बोटं चालवत हात वर कसा न्यायचा, ते तिने शिकवलं. केस परत आलेले दाखवले. नवरा जवळ येईना तेव्हा काय वाटलं, तेही सांगितलं. आई घरी येऊन म्हणाली, "आज पोटभर रडले. बरं वाटलं."

सल्ल सुत्तात बुद्ध दोन बाणांचं उदाहरण देतात. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा. अज्ञानी माणसाला त्यावर दुसरा लागतो, मनाच्या तडफडीचा. माझ्या आईच्या बाबतीत तो दुसरा बाण बराचसा आम्ही मारला होता.

अमेरिकेतली कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड हिचा स्तन १९७८ मध्ये काढला. तिने कृत्रिम स्तन लावायला नकार दिला, तर डॉक्टरांकडच्या नर्सने तिला सुनावलं की त्यामुळे तिथलं मनोबल खचतं! १९८० च्या 'द कॅन्सर जर्नल्स' या पुस्तकात तिने आपली भीती, राग आणि मैत्रिणींचा आधार, सगळं लिहून ठेवलं. ती निर्भय होती म्हणून मला मोठी वाटत नाही. भीती वाटते हे तिने उघड सांगितलं, म्हणून वाटते. प्रत्येकीने तिच्यासारखंच करावं असंही नाही. कापडाची घडी ठेवायची की नाही, हे माझी आई ठरवेल.

बोलण्याने जीवही वाचतात. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्यासाठी महागडं यंत्र लागलं नाही. बाईने बाईशी बोलणं लागलं.

म्हणून माझं चळवळीला सांगणं आहे. जयंतीच्या वर्गणीतून केमोला जाणाऱ्या बाईच्या गाडीभाड्याची सोय करा. तिच्या बुडालेल्या रोजाची चौकशी करा. उपचार संपले की विसरू नका. दवाखान्याच्या फेऱ्या थांबल्यावरच आई सगळ्यात एकटी पडली होती. आणि तिच्याजवळ बसाल तेव्हा भाषण देऊ नका, ऐका.

मागच्या पौर्णिमेला आई विहारात आली. वंदना झाल्यावर स्वतःहून उभी राहिली आणि म्हणाली, "बायांनो, गाठ लागली तर लपवू नका. आणि कोणाला भेटायला गेलात, तर छातीकडं नका बघू. तोंडाकडं बघा."

मावशी पहिल्याच रांगेत होत्या. मी त्यांच्या शेजारी बसले होते. आम्ही दोघींनी माना खाली घातल्या.

जय भीम!