‘तिकडेही होतंच की!’ – रोम आणि पिरेनीजमधून आणलेला एक प्रश्न

परदेशातून परत आलं की लोक आधी फोटो मागतात. मीही ऑफिसात फोटो दाखवत होते. कलोसियमचा फोटो आला आणि मी म्हणाले, “इथे गुलामांना आणि कैद्यांना जिवावर उदार करून झुंजवत, आणि पन्नास हजार लोक बसून ते बघत.” लगेच शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “बघा! तिकडेही होतंच की. मग तुम्ही लोक सारखं आपल्याच समाजाला का नावं ठेवता?”

मित्रहो, हे वाक्य तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेलच. जातीचा विषय निघाला की कुणी अमेरिकेतल्या काळ्यांचं उदाहरण देतं, कुणी रोमच्या गुलामांचं. समाजशास्त्रात एम. ए. करताना वर्गातही हे वाक्य मी ऐकलं आहे. तेव्हा माझ्याकडे पुस्तकातलं उत्तर होतं. आता डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून हा लेख.

मी पुण्यात सफाई कामगारांच्या वस्त्यांत काम करते. गेल्या वर्षी समाजकार्याच्या एका प्रशिक्षणासाठी फ्रान्समधल्या तुलूझ शहरात दोन आठवडे जायला मिळालं. तिकीट आयोजकांचं होतं, रोममार्गे. मी रोममध्ये तीन दिवस थांबले आणि प्रशिक्षण संपल्यावर चार दिवस पिरेनीज पर्वताच्या पायथ्याची जुनी गावं पाहिली. आमच्या घरातून विमानात बसलेली मी पहिलीच.

रोम डोळे दिपवतं, हे आधी कबूल करते. पँथिअनचा घुमट ४३ मीटर रुंदीचा, काँक्रीटचा, आत एक लोखंडी सळई नाही, आणि जवळजवळ एकोणीसशे वर्षं उभा आहे. वरच्या गोल भोकातून उन्हाचा झोत खाली येतो. मीही सगळ्यांसारखी मान वर करून उभी राहिले. पण मान खाली आली की प्रश्न सुरू होतात. हे बांधलं कुणी? पैसा कुठून आला?

कलोसियमच्या बाबतीत उत्तर फार लांब नाही. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम पाडलं, ज्यूंचं मंदिर लुटलं. त्या लुटीच्या पैशातून हे बांधकाम झालं असं अभ्यासक मानतात. इ. स. ८० मध्ये सम्राट टायटसने त्याचं उद्घाटन केलं. तिथून थोड्या अंतरावर टायटसची कमान आहे. तिच्या आतल्या भिंतीवर मंदिरातला सात फांद्यांचा दिवा खांद्यावर घेऊन मिरवणारे सैनिक कोरले आहेत. विजेत्यांनी आपला पराक्रम म्हणून कोरलेलं हे चित्र हरलेल्यांसाठी मात्र पुरावा होऊन बसलं. रोममधले ज्यू शतकानुशतकं या कमानीखालून जात नसत, अशी परंपरा सांगतात. राज्य नाही, सैन्य नाही, पण ‘मी या दारातून जाणार नाही’ एवढं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. इतिहास आपल्या बाजूने लक्षात ठेवणं म्हणजे काय, हे भीमा कोरेगावला जाणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी मी पोर्ता माज्जोरे या दरवाजापाशी गेले. तिथे एक विचित्र थडगं आहे. दगडी भिंतीत मोठमोठी गोल भोकं, आणि वरच्या पट्टीवर कोरलेली माणसं: कुणी दळतंय, कुणी कणीक मळतंय, कुणी भट्टीत पाव लावतंय. हे एउरिसासेस नावाच्या पाववाल्याचं थडगं. दोन हजार वर्षांपूर्वीचं. तो बहुधा गुलामीतून सुटलेला माणूस होता असं मानतात. त्याने पैसा कमावला आणि शहराच्या दारात, सगळ्यांना दिसेल असा, आपला धंदा दगडात कोरून ठेवला.

त्या थडग्यापुढे मी बराच वेळ उभी होते. आपल्याकडे पिढीजात काम करणाऱ्या माणसाला ते काम लपवावं लागतं. माझ्या वस्तीतल्या बायका मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे ‘नोकरी’ एवढंच लिहितात.

रोमची गुलामगिरी सौम्य होती असं मला अजिबात म्हणायचं नाही. स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर इ. स. पूर्व ७१ मध्ये सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवलं होतं. हे विसरून गुलामगिरीची कौतुकं करणारा माणूस खोटारडा. पण बाबासाहेबांनी गुलाम आणि अस्पृश्य यांची तुलना केली होती ती याच जागी. रोमचा गुलाम शिकू शकत होता, शिकवू शकत होता, मालकाने रीतसर मुक्त केलं तर नागरिक होऊ शकत होता आणि त्याची पुढची मुलं जन्मतःच स्वतंत्र असत. त्या भयंकर घराला निदान बाहेर पडायचं एक दार होतं. अस्पृश्यतेला ते दारच नव्हतं. एउरिसासेसचं थडगं म्हणजे त्या दारातून बाहेर पडलेल्या माणसाची सही.

इथपर्यंत मला वाटत होतं की ऑफिसातल्या वाक्याला उत्तर मिळालं. गुलामगिरी वेगळी, जात वेगळी. विषय संपला. पण पिरेनीजने तो संपू दिला नाही.

सॅं-बर्ट्रां-द-कोमॅंज नावाचं गाव आहे. खाली सपाटीवर रोमन शहराचे अवशेष: स्नानगृहं, बाजारपेठ, नाट्यगृह. वर टेकडीवर मध्ययुगीन गाव: तटबंदी, वेस, दगडी गल्ल्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर मोठं चर्च. जवळच व्हाल्काब्रेरचं जुनं चर्च तर पडलेल्या रोमन इमारतींचेच दगड वापरून बांधलेलं आहे. गाव सुंदर आहे. आईस्क्रीम खात लोक फिरतात. मीही फिरले. पण एका सहकाऱ्याने तुलूझमध्येच मला सांगून ठेवलं होतं की, “तू जातीवर बोलतेस, तर कागोंबद्दल वाच आणि सॅं-साव्हेंला जा.”

कागो. स्पेनच्या बाजूला त्यांनाच आगोत म्हणत. मध्ययुगापासून पुढे कित्येक शतकं या डोंगराच्या दोन्ही बाजूंना या लोकांना गावाबाहेर वेगळ्या वस्तीत राहावं लागे. चर्चमध्ये त्यांचं दार वेगळं. पवित्र पाण्याचं पात्र वेगळं. दफनाची जागा वेगळी. ठिकठिकाणी कपड्यावर लाल रंगाचा बदकाच्या पायाचा शिक्का लावायची सक्ती. बाजारात खाण्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही. अनवाणी चालायचं नाही. धंदा बहुतेक सुतारकामाचा, लाकडाचा. आणि लग्न फक्त आपसात.

वाचताना अंगावर काटा येतो ना? आता पुढचं ऐका. हे लोक रंगाने वेगळे नव्हते. भाषा तीच, धर्म तोच, देव तोच. त्यांना वेगळं का ठरवलं याची कारणं लोक बदलत राहिले: कुणी म्हणे कुष्ठरोग्यांचे वंशज, कुणी म्हणे गॉथांचे, कुणी म्हणे पाखंडी. एकही सिद्ध झालं नाही. म्हणजे कारण आधी आणि बहिष्कार नंतर, असं नव्हतंच. बहिष्कार होता, कारणं त्याला चिकटवली जात होती. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीचं मूळ आपसातल्या लग्नाच्या बंधनात शोधलं. कागोंची गोष्ट वाचताना मला तोच निबंध आठवत राहिला.

सॅं-साव्हेंच्या चर्चमध्ये कागोंचं पात्र अजून आहे. लहानसं, दगडी. मी त्याच्या काठावर हात ठेवला. मला माझ्या आजीचं गाव आठवलं. तिथे आडावर आमच्या लोकांना दोर लावायची बंदी होती, कुणीतरी येऊन ओंजळीत पाणी ओतेपर्यंत वाट बघायची. सुमारे सात हजार किलोमीटरवर तोच दगड, तेच पाणी. चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंशी सहकाऱ्याच्या मदतीने बोलले. त्या म्हणाल्या, “आमच्या लहानपणी ‘कागो’ ही शिवी होती. कोण खरा कागो हे कुणी सांगत नसे. आता तर कुणाला माहीतही नाही.”

म्हणजे ऑफिसातला तो माणूस खरं बोलत होता. तिकडेही होतं. प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. पण मग पुढचा प्रश्न त्याने विचारायला हवा आणि तो तो विचारत नाही: तिकडे होतं, तर मग गेलं कसं?

आपोआप गेलं नाही. नवारच्या आगोतांनी १५१४ मध्ये थेट पोपकडे दाद मागितली. १५१५ मध्ये पोप दहाव्या लिओने त्यांच्या बाजूने आदेश दिला. अंमलबजावणी? स्थानिक मंडळींनी वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. (१९५० च्या संविधानातलं कलम १७ आणि आपली गावं आठवा.) सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या राजाचाही हुकूम निघाला. तरीही रिवाज रेंगाळलाच. १७८९ च्या क्रांतीने जुनी व्यवस्थाच मोडली, लोक शहरांत गेले, जिथे कुणी ‘तू कुठल्या दाराने आत यायचास?’ असं विचारत नव्हतं. लग्नं झाली, मिसळून गेले. आणि सगळ्यात महत्त्वाचं: आज त्या पात्राजवळ उभं राहून ‘ही आमची महान परंपरा, यामागे शास्त्रीय कारण होतं’ असं सांगणारा कुणी मला भेटला नाही.

आता माझी स्वतःची अडचण सांगते. माझ्या धाकट्या भावाने दोन वर्षांपूर्वी आडनाव बदललं. नोकरीच्या शहरात घर मिळत नव्हतं. एजंट फोनवर हो म्हणायचा आणि आडनाव ऐकलं की खोली ‘आत्ताच गेली’ व्हायची. घर मिळाल्यावर त्याने बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत नेला. मी त्याला खूप बोलले. म्हणाले, “आजोबांनी ५६ साली दीक्षा घेतली ती फोटो आत ठेवायला?” तो एवढंच म्हणाला, “ताई, तू सभेत बोलतेस, मला सोसायटीत राहायचंय.” आमचं सहा महिने नीट बोलणं नव्हतं.

त्या चर्चमध्ये मला वाटलं, कागोंनी माझ्या भावाचाच मार्ग घेतला की. लपले, मिसळले, सुटले. मग मी चुकले का?

अर्धी चुकले. घरासाठी नाव बदलणाऱ्या माणसाला भित्रा ठरवणं हा माझा अन्याय होता. लाज विचारणाऱ्याला वाटली पाहिजे, उत्तर देणाऱ्याला नाही. हे मी वस्तीत रोज सांगते आणि घरात विसरले.

पण अर्धी बरोबरही होते. कागो मिसळू शकले कारण विचारणारे थांबले. आपल्याकडे विचारणारा थांबलेला नाही. भावाने आडनाव बदललं, तरी त्याच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा समोरच्यांनी गाव विचारलं, मामांचं आडनाव विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात फोन उचलणं बंद केलं. दार बंदच असेल तर नाव बदलून उघडत नाही. आणि मिसळून जाण्याची किंमतही असते. कागोंबद्दल आज जे वाचायला मिळतं ते बहुतेक इतरांनी लिहिलेलं आहे. त्यांच्या स्वतःच्या आवाजात फार थोडं उरलं. आपल्याकडे आत्मचरित्रं आहेत, जलसे आहेत, जयंती आहे. हे सोडून मिळणारी सुटका मला नको आहे.

रोमहून मी भावाला पाववाल्याच्या थडग्याचा फोटो पाठवला होता. सॅं-साव्हेंहून पात्राचा पाठवला आणि खाली लिहिलं, “फोटो कुठे लावायचा ते तू ठरव. मी बोलणार नाही.” त्याचं उत्तर आलं, “कधी येतेस?” फोटो अजून आतल्या खोलीतच आहे. मी गेले की आम्ही तिथेच बसून चहा पितो आणि वाद घालतो.

ऑफिसातल्या त्या गृहस्थांना मी सॅं-साव्हेंचा फोटो दाखवला आणि म्हणाले, “तुमचं बरोबर आहे. तिकडेही होतं. त्यांनी ते पात्र आता फक्त बघायला ठेवलंय. आपण कधी ठेवायचं?”

ते गप्प बसले. वाचकहो, पुढच्या वेळी कुणी ‘तिकडेही होतंच की’ म्हणालं तर भांडू नका. हो म्हणा, आणि एवढाच प्रश्न विचारा.

जय भीम.